केरातला दाणा

हुपरीच्या चांदीकारागीर बसाप्पांनी सिग्रिडला ‘उद्यापास्नं येऊ नका’ म्हणून सांगितलं तो वार बुधवार होता, आणि सिग्रिडचं पत्र नॉर्वेला जायचं होतं शनिवारी. मधे जेमतेम दोन दिवस. संयोगिताला ही बातमी कळली ती वर्गात, पोरांच्या नक्षीच्या वह्या तपासता तपासता, मोबाइलवर. सिग्रिड रडत नव्हती की चिडलीही नव्हती. तिनं इंग्रजीत एवढंच विचारलं, “माझं काय चुकलं?” चिडलेल्या माणसाची समजूत घालता येते, चार शिव्या ऐकून घेता येतात. शांत माणसाला काय सांगायचं?

आता हे पत्राचं प्रकरण काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे एका पत्रापायी बाईच्या तोंडचं पाणी का पळालं ते कळेल.

कोल्हापुरात हंबीररावांची शिक्षणसंस्था होती आणि तिच्यात डिझाइनचा एक विभाग होता. विभाग म्हणजे दोन खोल्या, अकरा पोरं आणि एकटी संयोगिता. दोन हजार चार-पाचचा तो काळ. जो उठेल तो कॉम्प्युटरकडं पळत होता, आणि हंबीरराव काही डोळे मिटून संस्था चालवत नव्हते. “मॅडम, जूनपास्नं त्या दोन खोल्या मला मोकळ्या पायजेत,” त्यांनी तोंडावर सांगून टाकलं होतं. तेव्हा बाई इरेला पेटली. सायबर कॅफेत बसून तिनं परदेशातल्या डिझाइनच्या शाळांना पत्रांवर पत्रं धाडली. चाळीस शाळांनी ढुंकून बघितलं नाही. एका शाळेनं बघितलं, ती नॉर्वेतली. तिथली पोरं म्हणे सरकारच्या मदतीनं सहा-सहा महिने परमुलखात शिकायला जातात, आणि हातानं होणारं चांदीकाम शिकायला मिळत असेल तर कुठंही यायची त्यांची तयारी होती. आठ जणांनी नावं दिली. पण ती शाळाही कच्च्या गुरूची चेली नव्हती. आधी एक मुलगी पाठवतो म्हणाली. ती महिनाभर राहील, फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्हाला लिहील. ती ‘या’ म्हणाली तर आठ जण येतील, ‘नको’ म्हणाली तर रामराम. ती मुलगी म्हणजे सिग्रिड.

आठ जण आले तर विभाग राहील, असा शब्द हंबीररावांनी दिला होता. शब्द द्यायचा तो ते चारचौघांत देत, म्हणजे त्यांना स्वतःलाच मोडता येत नसे. एवढं एक चांगलं होतं त्या माणसाचं.

त्या दोन खोल्यांतलं एकेक हत्यार संयोगितानं आठ वर्षांत स्वतः निवडून आणलं होतं. त्या खोल्यांपायी तिनं दोन चांगली स्थळं परतवून लावली होती, आणि शिवाजी पेठेतल्या घरी अजूनही जेवताना ते तिला ऐकवत. खोल्या गेल्या तर ती कुठल्यातरी शाळेत पाचवीच्या पोरांना आंब्याचं चित्र काढायला शिकवणार होती. ह्या विचारानं तिला रात्र रात्र झोप येत नसे, कशाला खोटं बोला.

तर गुरुवारी सकाळी ती वडापच्या, म्हणजे शेअरच्या, जीपमध्ये कोंबून बसली आणि हुपरीला बसाप्पांकडं गेली, जिथं सिग्रिड शिकायला जात होती.

बसाप्पा कारखान्यातच होते. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली, एक भट्टी, तीन पाट आणि खिडकीखाली तार ओढायची, भोकं पाडलेली जाड लोखंडी पट्टी. कपाळाला विभूती, अंगात बंडी, वय सत्तरीच्या पुढं. ते तार ओढत होते. संयोगिता आलेली त्यांनी बघितली आणि तार ओढतच राहिले.

“अप्पा, पोरीचं काय चुकलं?”

“काय न्हाय.”

“मग येऊ नगंस का म्हणालासा?”

“तिचं काम न्हवं हे.”

“एकोणीस दिवस झाडतीया बिचारी. एका शब्दानं कुरकुरली न्हाय. तिकडं तिच्या देशात तिला असला झाडू बघायलाबी मिळत नसंल.”

“झाडतीया चांगली,” बसाप्पा म्हणाले. “कोपरं काढती. तुझ्यापरास बरं झाडती.”

“मग?”

बसाप्पांनी तार ठेवली. हात बंडीला पुसले. दारात त्यांची बायको शांताअक्का चहा घेऊन उभी होती, ती आत न येता तिथूनच मागं फिरली. तेवढ्यावरून संयोगितानं ओळखलं, की पाणी खोल मुरलंय.

“दाणा गेला,” बसाप्पा म्हणाले.

संयोगिता मट्कन पाटावर बसली.

बसाप्पांच्या घरची ही रीत त्यांच्या आज्यापासूनची. चांदीचं काम करताना कीस उडतो, तुकडे उडतात, ते खाली केरात मिसळतात. म्हणून चांदीवाल्याच्या कारखान्यातला केर कधी बाहेर टाकत नाहीत. तो डब्यात जातो, चाळला जातो, त्यातली चांदी परत मुशीत जाते. नवा माणूस शिकायला आला की त्याला आधी झाडू मिळतो. किती दिवस, ते कुणी सांगत नाही. आणि मग एके दिवशी, त्याच्या नकळत, बसाप्पा चांदीचा एक दाणा कोपऱ्यात टाकून देतात. मुगाएवढा, गोल, घासून चकचकीत केलेला. झाडताना तो दिसल्याशिवाय राहत नाही. ज्यानं तो उचलून बसाप्पांच्या तळहातावर ठेवला, तो दुसऱ्या दिवशी भट्टीजवळ बसला. ज्यानं ठेवला नाही, त्याला ‘येऊ नका’. आरडाओरडा नाही, झडती नाही, चोर म्हणणं नाही. आणि जो ह्यातून पार पडला त्यानं पुढच्याला सांगायचं नाही, ही त्यातली मुख्य अट.

संयोगिता स्वतः चौऱ्याण्णव साली सव्वीस दिवस झाडून पार पडली होती. सिग्रिडला तिनं सांगितलं नव्हतं. रीत म्हणून सांगितलं नव्हतं, आणि खरं बोलायचं तर, नॉर्वेची पोरगी चोरी करेल असं तिच्या मनाला शिवलंही नव्हतं.

“केरात ऱ्हायला असंल, अप्पा.”

“तीनदा चाळलाय.”

“तिला कळलं नसंल काय हाय ते.”

“जोतीराम काय म्हणला हुता? उद्या देणार हुतो म्हणला. आठवतंय?”

आठवत होतं. जोतीराम हाताचा इतका तयार गडी, की बसाप्पांनी त्याला आपलं घर दिलं असतं. त्याच्या खिशात दुसऱ्या दिवशी दाणा निघाला, म्हणजे त्यानं स्वतःच काढून दिला, आणि तरी त्याला जावं लागलं. आज तो इचलकरंजीत मागावर आहे. बसाप्पांचं म्हणणं एकच: दिसला तेव्हा दिला नाही, म्हणजे मधे विचार केला. विचार कसला केला ते विचारायची मला गरज नाही.

“अप्पा, ती गेली तर माझा विभाग जातोय,” संयोगिता म्हणाली. बोलली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

“ठाव हाय मला.” बसाप्पांनी तार परत पट्टीच्या भोकात घातली. “म्हणून तर तुला सांगितलं. एरवी सांगत न्हाय.”

परत येताना जीपमध्ये तिच्या डोक्यात एकच चक्र. सिग्रिडला जाऊन काय विचारायचं? की बाई, आम्ही तुझी चोर म्हणून परीक्षा घेतली, त्यात तू नापास झालीस, दाणा असला तर दे? त्या पोरीनं तेच पत्रात लिहिलं असतं. आणि लिहिलं असतं तर तिचं चुकलं असतं का? इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ती अशी.

सिग्रिड राहायला संयोगिताच्याच घरी होती, माडीवरच्या खोलीत. संध्याकाळी संयोगिता वर गेली तेव्हा सिग्रिड खाली चटईवर बसून सामान आवरत होती. तेवीस वर्षांची, हाडापेरानं मोठी, केस दोरीनं बांधलेले. खाली गल्लीत रविवारच्या फुटबॉल मॅचवरून दोन तालमींची पोरं हमरीतुमरीवर आली होती. सिग्रिडनं खिडकी लावून घेतली.

“तुम्ही त्यांना भेटलात?”

“भेटले.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, तू झाडतेस चांगली.”

सिग्रिड हसली, पण थोडंच. “मला खरं सांगितलं तरी चालेल. मी मुलगी आहे म्हणून? परकी म्हणून?”

“नाही नाही,” संयोगिता घाईनं म्हणाली. “थोडा गैरसमज आहे. मी बघते.”

“शनिवारी मला लिहायचंय. मी खोटं लिहिणार नाही. एकोणीस दिवस झाडलं आणि विसाव्या दिवशी कारण न सांगता घालवलं, असंच लिहावं लागेल.” हे ती धमकी म्हणून बोलत नव्हती. बाजारातून भाजी काय आणली ते सांगावं तसं बोलत होती, आणि म्हणून ते जास्त लागलं. मग तिनं शेजारची जाड वही उचलून संयोगिताच्या मांडीवर ठेवली. “हे बघा तरी. माझं सगळं काम.”

संयोगितानं वही उघडली. एका दिवसाला एक पान. वर तारीख, खाली चित्र: बसाप्पांचा हात, फुंकणी, शांताअक्कांची चूल, झाडूची मूठ. आणि प्रत्येक पानावर चिकटपट्टीखाली त्या दिवशीच्या केरातलं काहीतरी. चिमूटभर राखाडी धूळ, तारेचं नखाएवढं टोक, जळकी काडी. डिझाइनची पोरं असलं गोळा करतातच, तिनंच आपल्या पोरांना शिकवलं होतं. “शांताअक्का हसायच्या मला धूळ चिकटवताना,” सिग्रिड म्हणाली. “बसाप्पाही बघायचे. काही बोलले नाहीत.”

अठराव्या पानावर, पारदर्शक पट्टीखाली, तो दाणा होता.

चोरलेला नाही, लपवलेला नाही, चांगला छातीवर बिल्ला लावावा तसा लावलेला. खाली सिग्रिडच्या भाषेत एक ओळ आणि पुढं प्रश्नचिन्ह.

“हे काय लिहिलंय?”

“‘हे काय आहे, ते त्यांना विचारायचं.’ विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं गिऱ्हाईक होतं, आणि तिसऱ्या दिवशी...” सिग्रिडनं हात पसरले. “मी चहा आणते आपल्याला.” आणि ती खाली गेली.

इथं माझ्यासारख्या माणसाला वाटतं, अगं बाई, वही उचल, हुपरीची जीप पकड आणि म्हाताऱ्यापुढं नेऊन आपट. पण संयोगिताला म्हातारा ठाऊक होता. जोतीरामनं स्वतः काढून दिला तरी जो विरघळला नाही, तो वहीनं विरघळेल? म्हणेल, चांदी ओळखू येत न्हाय काय तिला, डिझाइन शिकतीया न्हवं? आणि वही न्यायची म्हणजे सिग्रिडला सगळं सांगणं आलं. दोघांपैकी एक जरी बिथरला तरी खोल्या गेल्या. त्यापेक्षा दाणा केरातच सापडला तर? कुणी चोर नाही, कुणाचा अपमान नाही, म्हाताऱ्याची रीत शाबूत. कुणाचं काय बिघडणार होतं?

जिन्यावर कपांचा आवाज आला. संयोगितानं नखानं पट्टीची कड उचलली, दाणा सोडवला, पट्टी परत दाबली आणि दाणा पदराच्या टोकाला बांधला. सगळ्याला मिळून दहा आकडे मोजण्याइतकाही वेळ लागला नाही. मग सिग्रिडनं आणलेला चहा तिनं प्यायला, आणि तो चांगला झालाय असंही सांगितलं.

शुक्रवारी सकाळी दोघी हुपरीला गेल्या. सिग्रिडला तिनं सांगितलं होतं, निरोप घेऊन ये, इकडं तशी पद्धत आहे. शांताअक्कांनी सिग्रिडला हात धरून स्वयंपाकघरात नेलं. त्या दोघींचं जमायचं. एक कानडी-मराठी बोले, दुसरी इंग्रजी, आणि मधे भाकरी असे. संयोगिता मागं कारखान्यात गेली.

“मीच झाडते आज, अप्पा.”

बसाप्पांनी तिच्याकडं बघितलं. “झाड की.”

तिनं पदर खोचताना गाठ सोडली. खिडकीखालून सुरुवात केली, पाटांखालून काढलं, कोपऱ्यापर्यंत आली. बसाप्पा पाठमोरे होते, भट्टी पेटवत होते. तिनं दाणा केरात सोडला, वरून झाडू फिरवला आणि सगळं सुपलीत भरून त्यांच्यापुढं ठेवलं.

बसाप्पांनी चाळणी घेतली. केर हलू लागला. धूळ खाली गेली, वर राहिल्या काड्या, तारेचे तुकडे, आणि दाणा.

“अप्पा, दाणा,” संयोगिता म्हणाली. “ऱ्हायला हुता की हो. त्या कोपऱ्यात फरशीची भेग हाय, त्यात अडकला असंल.”

बसाप्पांनी दाणा चिमटीत धरून उजेडाला नेला. दाण्याच्या एका अंगाला केर चिकटून बसला होता, दुसरं अंग लख्ख. त्यांनी अंगठ्यानं तो केर घासला. निघेना. परत घासला. अंगठा दाण्याला चिकटत होता. त्यांनी अंगठा नाकाला लावून वास घेतला. मग दाणा समोरच्या पाटावर ठेवला आणि ते त्याच्याकडं बघत बसले. संयोगिताला तेव्हा कळलं. चिकटपट्टीचा डिंक. रात्रभर पदरात बांधून ठेवला, पण पुसून घ्यायचं तिला सुचलं नाही. आठ वर्षं चांदी शिकवणाऱ्या बाईला सुचलं नाही.

तेवढ्यात सिग्रिड दारात आली. हातात वही उघडी, तोंड उतरलेलं. शांताअक्का तिच्या मागं.

“माझ्या वहीतलं काहीतरी गेलंय,” ती संयोगिताला म्हणाली. “मी अक्कांना वही दाखवत होते. इथं एक गोल मणी होता, ह्यांच्याच केरातला. काल संध्याकाळपर्यंत होता. त्यांना सांगा, मी तो न विचारता घेतला होता, मला विचारायचं होतं आणि राहून गेलं. तो मौल्यवान असेल तर मी भरून देईन. त्यासाठीच त्यांनी मला घालवलं का, ते विचारा. आत्ता विचारा.”

बसाप्पांनी मान वर केली. “काय म्हणती?”

त्या खोलीत सिग्रिड सोडून इंग्रजी कळणारं माणूस एकटी संयोगिता. एक वाक्य बोलायचं होतं. खरं बोलली असती तर तिथंच सगळं मिटलं असतं. सिग्रिडनं स्वतःच्या तोंडानं सगळं कबूल केलं होतं, ह्याहून जास्त म्हातारा काय मागणार होता? पण ते सांगायचं म्हणजे दाणा केरात आला कसा, हेही सांगायला लागत होतं. चोराच्या मनात चांदणं.

“जाते म्हणती,” संयोगिता म्हणाली. “तुमच्या पाया पडायला आलीय.”

बसाप्पांनी सिग्रिडकडं बघितलं. पाया पडायला आलेल्या माणसाचं तोंड असं नसतं, एवढं कळायला भाषा लागत नाही. त्यांनी हात पुढं केला. सिग्रिडनं वही दिली. त्यांनी अठरावं पान जवळ घेतलं. पट्टी सुरकुतलेली, तिच्या मधे गोल पोकळ फुगा, आत काही नाही. त्यांनी पाटावरचा दाणा उचलला आणि पट्टीवरून त्या फुग्यावर ठेवला. अगदी बरोबर बसला. मग त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ह्ये काय लिवलंय ते मला कळत न्हाय. पण पुढं प्रश्नचिन्ह हाय, ते कळतंय. विचारायचं हुतं तिला. व्हय न्हवं?”

संयोगिता सुपली उचलायला वाकली.

“काय म्हणाली ती, संयोगिता? आत्ता. दारात हुबी ऱ्हाऊन.”

मग तिनं सांगितलं. मान खाली घालून, सिग्रिडचा शब्द न शब्द. न विचारता घेतला, विचारायचं राहिलं, भरून देते, त्यासाठीच घालवलं का. आणि शेवटी आपलंही सांगितलं: दाणा मी काढला, तिला न सांगता, आणि केरात टाकला. मग तेच वळून सिग्रिडला इंग्रजीत सांगितलं, दाण्याच्या रितीसकट. इंग्रजीत ते जास्त वाईट ऐकू आलं. सिग्रिडचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं.

बसाप्पांनी दाणा परत सिग्रिडच्या तळहातावर ठेवला. तिनं तो दोन क्षण तसाच धरला. मग तिनं हात पुढं करून तो त्यांच्या तळहातावर ठेवला. बसाप्पांनी मान हलवली. शांताअक्कांनी डोळ्याला पदर लावला.

“उद्या भट्टीवर बस म्हणावं तिला,” बसाप्पा म्हणाले. “आठ येऊ देत न्हाय तर धा. माझी ना न्हाय.” मग ते संयोगिताकडं वळले. “तू मातर ह्या खोलीत आता येऊ नगंस.”

“अप्पा...”

“तिनं इचार न करता घेतला. तू इचार करून घेतलास.”

संयोगिता बाहेर आली. अंगणात नळाखाली तिनं तोंड धुतलं, परत परत धुतलं. ज्या माणसानं तिला हातात फुंकणी धरायला शिकवली, त्यानं तिला दार बंद केलं होतं, आणि तिला त्याचा राग येत नव्हता. आला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी सिग्रिडनं सायबर कॅफेतून पत्र धाडलं. काय लिहिलं ते तिनं सांगितलं नाही, संयोगितानं विचारलं नाही. एका घरात राहून दोघी ‘पाणी तापलंय’ आणि ‘जेवण झालंय’ एवढंच बोलत होत्या. सोमवारी दुपारी पत्राची प्रत, इंग्रजीत करून, नॉर्वेच्या शाळेकडून ई-मेलनं संस्थेत आली, आणि हंबीररावांनी तिला बोलावणं धाडलं. त्यांच्यासोबत दोन संचालक बसले होते, त्यातले पिराजीराव कानानं जरा कमी. पेढ्यांचा पुडा आधीच टेबलावर होता. हंबीररावांना बातमीचा वास लांबून येई.

“वाचा मॅडम. मराठीत वाचा, आमच्या इंग्रजीचं तुम्हाला ठाऊकच हाय.”

संयोगितानं कागद हातात घेतला आणि उभ्या उभ्या वाचू लागली. सिग्रिडनं लिहिलं होतं, आठही जणांनी यावं. इथं एक गुरू आहे, तसा आपल्याकडं नाही. पहिले कित्येक दिवस तुम्ही झाडणार आहात. का, ते मी सांगणार नाही, ते सांगायचं नसतं. तक्रार करू नका आणि झाडताना लक्ष द्या.

“म्हंजे आठ नक्की,” हंबीरराव म्हणाले. त्यांनी पुडा सोडला. “शब्द दिलाय मी, मॅडम. खोल्या तुमच्या. झालं न्हवं पत्र?”

खाली एक परिच्छेद राहिला होता. चार ओळी. टेबलाभोवतीच्या तिघांपैकी एकालाही त्या वाचता येणार नव्हत्या. कागद घडी करून फाइलला लावला असता तर तो तिथंच राहिला असता, आणि जूनमध्ये नॉर्वेची आठ पोरं तिच्या खोल्यांत बसली असती. संयोगिताला पेढ्यांचा वास आला.

“न्हाय साहेब,” ती म्हणाली. “अजून हाय.”

आणि तिनं वाचलं. “‘विभागाच्या शिक्षिका त्यांचं काम उत्तम जाणतात. पण त्यांनी माझ्या वहीतली वस्तू मला न सांगता काढून घेतली, आणि माझं बोलणं माझ्या गुरूंना मुद्दाम खोटं करून सांगितलं. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांसाठी दुसरा दुभाषी असावा, ही माझी अट आहे. ती मान्य नसेल तर कुणीही येऊ नये.’”

हंबीररावांचा हात पुड्यातच राहिला. “ह्ये कुणाबद्दल लिवलंय, मॅडम?”

“माझ्याबद्दल, साहेब.”

“काय म्हणाल्या?” पिराजीरावांनी कानाला हात लावून विचारलं. “मला नीट ऐकू आलं न्हाय. शेवटचं तेवढं परत वाचा की.”

संयोगितानं कागद वर धरला आणि तो परिच्छेद पहिल्यापासून, मोठ्यानं, परत वाचायला घेतला.